घरात कोण कोण असतं

सकाळपासून खारू खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती. खिडकीतून खालचा रस्ता दिसे, दारातून जिन्याचा आवाज येई. जिन्यावर पाऊल वाजलं की ती जागच्या जागी थबकायची, पाऊल वरच्या मजल्याकडे गेलं की पुन्हा चालू.

“अगं, घटकाभर टेक की कुठेतरी. तुझ्याकडे बघून मलाच दम लागायला लागलाय,” आई न्हाणीघरातून म्हणाली.

“काल आल्या नाहीत म्हणजे आजच येणार त्या.”

“मग येतील. तू चालतेयस म्हणून लवकर पोचणार आहेत का?”

‘त्या’ म्हणजे शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या चौकशीच्या बाई. ज्या मुलांना एकटी आई किंवा एकटे वडील शिकवतात, त्यांची कॉलेजची सगळी फी ही संस्था भरत असे. अर्ज कॉलेजमार्फत जायचा, मग संस्थेचं कोणीतरी सुटीच्या दिवशी घरी येऊन बघून जायचं, आणि त्यांचा होकार आला की काम झालं. खारूचं फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष आईच्या बांगड्यांवर निघालं होतं. दुसऱ्या वर्षासाठी आईच्या अंगावर काही उरलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर महिनाअखेरीला खारूची जागा रद्द होणार, आणि त्या जागेकडे डोळे लावून असलेलं दुसरं कोणीतरी तिथे बसणार. सरळ हिशेब होता.

खारू हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती सारखी काहीतरी कुरतडत बसायची, म्हणून बाबांनी तिला खारूताई केलं. ताई पुढे गळून पडली, खारू राहिली. आता कुरतडायला फक्त नखं होती, आणि तीही आज सकाळीच संपली होती.

आईचं आपलं रविवारचं काम चाललं होतं. ती सहा दिवस लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांचे कोट इस्त्री करायची आणि सातव्या दिवशी घरचे कपडे धुवायची. त्यात नवऱ्याचे चार-पाच शर्ट असत. कपडा नुसता कपाटात पडून राहिला की घडीच्या रेषेवर पिवळा पडतो, आणि तो पिवळेपणा मग कशानेच जात नाही, हे लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. म्हणून दर रविवारी ते शर्ट कपाटातून निघायचे, धुतले जायचे, कॉलरला हलका स्टार्च लागायचा, आणि गॅलरीतल्या दोरीवर खांदे ताणून उभे राहायचे.

ते अंगात घालणारा माणूस घरात नव्हता. खारू पाचवीत होती तेव्हा तो दूरच्या शहरात पुलाच्या कामावर गेला. आधी आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग तो नंबरच बंद झाला. ठेकेदार म्हणाला, काम सोडून गेला. कोणी म्हणालं, तिकडे दुसरा संसार थाटलाय. कोणी त्याहून वाईट म्हणालं. आईने कोणाचं मनावर घेतलं नाही आणि कोणाशी भांडलीही नाही. तिने फक्त एक नेम धरला. रोज पहाटे आंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायचा, ‘सुखरूप येऊ देत’ एवढंच मागायचं, आणि मग दिवसभरात ते नाहीत, ते येणार नाहीत, असलं काही तोंडातून काढायचं नाही. माणूस नजरेआड झालं तरी शब्दाने धरून ठेवता येतं, अशी तिची समजूत होती. सगळ्यांनीच शब्द सोडला तर त्यांना घरी परतायला वाट कुठून उरणार?

म्हणून कोणी विचारलं की ती म्हणायची, “कामावर गेलेत. येतील.” लोकांनी विचारायचं सोडलं, पण तिचं उत्तर तयार असायचं.

“अय्यो!” खारू ओरडली. “गुणपत्रिकेची झेरॉक्स राहिली! त्या आल्या की पहिली तीच मागणार.”

“मग जाऊन ये ना. दुकान कोपऱ्यावर तर आहे.”

“आणि तेवढ्यात आल्या तर?”

“मी काय पळून चाललेय?”

खारूने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. “आई, त्यांना बसव, पाणी दे. पण बोलू नकोस हं फार. मी आल्यावर मी बोलेन.”

“मी कधी फार बोलते?”

“नाही बोलत, पण बोललीस की—” खारूने वाक्य अर्धंच टाकलं आणि जिन्यावरून धडधडत उतरली.

आईने शेवटचा शर्ट दोरीवर टाकून चिमटे लावले, तोवर दार वाजलं.

बाई पन्नाशीच्या, जाडसर होत्या. जिना चढून धापा टाकत होत्या आणि छातीशी फाइल धरली होती. “अर्ज केलेल्या मुलीचं हेच घर ना? मी संस्थेकडून आले. बँकेत असते, सुटीच्या दिवशी हे काम करते.”

“या, या. ती एवढ्यात येईल. झेरॉक्सला गेलीय. चहा टाकते.”

“नको हो. सकाळपासून चार घरं झाली. माझ्या पोटात आता चहाचा डोह झालाय.”

“मग अर्धाच कप घ्या,” आई म्हणाली, आणि बाई हसून खुर्चीत टेकल्या.

बोलणं सहज चाललं. लाँड्रीत किती तास असतात, उभं राहून पाय दुखतात का, मुलगी अभ्यास कुठे करते. आईला बाई आवडल्या. चहाचा कप हातात घेऊन बाई गॅलरीकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या. शर्टांच्या बाह्यांतून खाली पाणी ठिबकत होतं.

“हे कोणाचे?”

“खारूच्या बाबांचे.”

“अच्छा.” बाईंनी फाइल उघडली. “घरात कोण कोण असतं?”

“आम्ही तिघं.”

“आत्ता कुठे आहेत ते?”

“कामावर गेलेत. येतील.”

हे उत्तर देताना तिला विचार करावा लागला नाही. ते तिच्या जिभेवरच असायचं, घामासारखं आपोआप आलेलं.

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शर्टांकडे. “अर्जात वेगळं लिहिलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

“घाईघाईत काही राहिलं असेल तिच्याकडून,” आई हसून म्हणाली. “फार धांदरट आहे हो.”

बाईंनी चहा संपवला, फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि उठल्या. खारूसाठी थांबल्या नाहीत. आईला मात्र मनातून बरं वाटत होतं. सगळं नीट झालं. देवाची कृपा.

खारू आली ती हातातले कागद फडफडवत. “त्या मेल्या मशीनमध्ये कागद अडकला आणि तो दुकानदार पेन्सिलीने उकरत बसला! आल्या नाहीत ना अजून?”

“येऊन गेल्या की. चांगल्या आहेत गं बाई. किती साधं बोलतात.”

“गेल्या? काय विचारलं?”

“माझ्या कामाचं विचारलं, तुझ्या अभ्यासाचं विचारलं. घरात कोण कोण असतं—”

“काय सांगितलंस?”

“तिघं म्हटलं.”

खारूच्या हातातले कागद खाली आले. तिची नजर गॅलरीत गेली, दोरीवरून इकडून तिकडे फिरली आणि आईवर येऊन थांबली.

“तिघं?”

“मग किती सांगायचं?”

“आई, ही शिष्यवृत्ती एकट्या आईच्या मुलांना मिळते! मी अर्जात लिहिलंय, वडील आमच्यासोबत राहत नाहीत, ठावठिकाणा माहीत नाही.”

आईच्या हातात पुसायचं फडकं होतं. तिने त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “असं लिहिलंस? आणि त्याच्याखाली माझी सही घेतलीस?”

“वाचून दाखवलं असतं तर केली असतीस?”

आईने फडकं खुंटीला अडकवलं.

“ओले शर्ट, आई! कोरडे असते तरी सांगता आलं असतं, जुने आहेत, आठवण म्हणून ठेवलेत. त्या बाईंना वाटलं असणार, माणूस आत्ता आंघोळ करून बाहेर पडलाय!” खारू चालायला लागली, पण खोलीत चालायला जागा होती कुठे? दोन पावलांवर भिंत, की वळायचं. “ते नाही येणार. मला सातवीतच कळलंय. अख्ख्या बिल्डिंगला कळलंय. तुला एकटीला कळत नाही, आणि त्याची फी मी भरायची!”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? त्यांना ऐकू जाईल?”

दार लोटून शेजारच्या काकू आत आल्या. कोपऱ्यावर त्यांचं चष्मेदुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते त्यांना चष्म्याशिवायही दिसायचं. “काय गं हे? माझ्या शोकेसमधल्या काचा तडकतील.”

खारूने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं, काय म्हणावं तुला? नवरा घरात नसून त्याचे शर्ट कडक. माझा घरात होता तेव्हा बनियन उलटा घालून गिऱ्हाइकांपुढे बसायचा.” कोणी हसलं नाही. मग त्याही गंभीर झाल्या. “उद्या मी येते कॉलेजात साक्षीला. सांगते, इतकी वर्षं शेजारी राहतेय, त्या घरात पुरुषाची सावली बघितली नाही मी.”

आईने झटकन मान वर केली. “काकू, असं नका बोलू.”

“घ्या!” खारू म्हणाली. “बघा. साक्षीदारालाच गप्प करते.”

संस्थेचा फोन दिवसभर नुसता वाजत राहिला. सुटीच्या दिवशी उचलणार कोण? त्या रात्री मायलेकी एकमेकींना ऐकू जाऊ नये इतक्या सावधपणे जाग्या होत्या.

पहाटे आईने नेहमीप्रमाणे दिवा लावला. हात जोडले, मागणं मागितलं. पण आज तेवढ्यावर उठवेना. कालपासून एक गोष्ट तिच्या मनात टोचत होती. काल ती त्या बाईंना जे बोलली ते खोटं होतं. आजवर तिने त्याला कधी खोटं म्हटलं नव्हतं, प्रार्थना म्हटलं होतं. पण प्रार्थना देवापुढे करायची असते. फाइल घेऊन आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं असतं. वळून पाहिलं तर खारू बूट घालून दारात उभी.

“लाँड्रीच्या मालकांना विचारलंय,” आई उठत म्हणाली. “बारापर्यंत पोच म्हणालेत. कोटांचा ढीग आलाय.”

कॉलेजमध्ये शिष्यवृत्ती विभाग लांबच लांब कॉरिडॉरच्या टोकाला होता. खिडकीतल्या कारकुनाने संगणकात पाहिलं आणि खांदे उडवले. “अहवाल सकाळीच आला. ‘वडील घरी राहतात.’ नाव काढलंय.”

“पण ते खरं नाहीये!” खारू खिडकीत अर्धी आत शिरली.

“मग खरं काय ते आत विभागाच्या मॅडमना सांगा. यादी दुपारी संस्थेकडे जाते. पण मावशींनी स्वतः सांगायचं. मुलांचं ऐकत नाहीत आणि शेजाऱ्यांचंही नाही. मागे एकाने अर्जात बापाला मारून टाकलं होतं, आणि तो बाप परीक्षेची फी भरायला याच खिडकीत आला. तेव्हापासून मॅडम माणसाच्या तोंडून ऐकतात.”

दोघी बाकावर बसल्या. बाक मुलांनी भरला होता, आणि प्रत्येकाचा एक पाय हलत होता. कोणी कागद मोजत होतं, कोणी मोबाइलवर दबक्या आवाजात घरच्यांना रागावत होतं. दार उघडलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या.

“आई, एकच वाक्य बोलायचंय.”

“हं.”

“बोलशील ना?”

आई हातरुमालाच्या घड्या घालत होती, लाँड्रीत नॅपकिनच्या घालतात तशा, टोकाला टोक.

“मी तुला खोटं बोलायला नाही सांगत,” खारू कुजबुजली. “खरं बोलायला सांगतेय.”

“तेच तर. खोटं असतं तर तुला ठाम नाही म्हटलं असतं आणि सुटले असते.”

खारू तिच्याकडे वळली. तेवढ्यात त्यांचं बोलावणं आलं.

मॅडमच्या टेबलावर फाइलींची चळत होती आणि फोन दर मिनिटाला थरथरत होता. त्या आईच्याच वयाच्या असतील. कपाळावर आठी होती, पण आवाज वाईट नव्हता. कालच्या बाईंचा अहवाल त्यांच्यासमोर होता.

“बसा. हे बघा ताई, यात लिहिलंय, वडील घरी राहतात, त्यांचे कपडे नुकतेच धुतलेले दिसले. अर्जात याच्या उलट आहे. तुमचे मिस्टर कुठे असतात?”

“कामाव—” आईची जीभ सवयीने निघाली आणि अर्ध्यातच अडली.

खारूने डोळे मिटून घेतले.

फोन थरथरला. मॅडमनी तो उलटा करून ठेवला. “बोला.”

“शर्ट मीच धुते,” आई म्हणाली. “कपडा अंगावर गेला नाही की घडीवर पिवळा पडतो. म्हणून धुते. घालत कोणी नाही.”

“ते कळलं. पण मला सरळ उत्तर हवं. ते तुमच्यासोबत राहतात का?”

आईने समोर पाहिलं. मग बाजूला पाहिलं. खारू खुर्चीच्या काठावर होती, एक पाय उठायला तयार असल्यासारखा पुढे, अंगठा दातांत. इतकी वर्षं आईला वाटत आलं होतं, की कुठेतरी लांब असलेला एक माणूस आपल्या शब्दावर तरून आहे. आता हाताच्या अंतरावर बसलेली ही पोरही तिच्याच शब्दावर लटकली होती. आणि हिला तर ती पाहू शकत होती, हिचा श्वासही ऐकू येत होता. देवा, मला क्षमा कर, ती मनात म्हणाली. त्यांना तूच सांभाळ. आता माझ्याच्याने नाही.

“नाही,” ती म्हणाली. “राहत नाहीत. ही पाचवीत होती तेव्हा गेले. कुठे आहेत ते मला माहीत नाही. फोन नाही, निरोप नाही. हिला मी एकटीने वाढवलं.”

“जरा मोठ्याने, ताई. लिहून घ्यायचंय मला.”

एवढ्या वर्षांत न बोललेलं एकदा बोलून झालं होतं. ते आता पुन्हा बोलायचं होतं, आणि मोठ्याने. आईने घसा साफ केला. ती आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती, लाँड्रीतल्या बॉयलरपुढेही नाही.

“माझे मिस्टर माझ्यासोबत राहत नाहीत,” ती म्हणाली, आणि दार उघडंच असल्यामुळे कॉरिडॉरमधल्या बाकावरची कुजबुज थांबली. “ते आम्हाला सोडून गेले.”

मॅडमनी लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. या वेळी आईने प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. वाचायला बराच वेळ लागला. मॅडमनी घाई केली नाही. मग तिने सही केली.

“नाव परत घातलं,” मॅडम शिक्का मारत म्हणाल्या. “फी थेट कॉलेजच्या खात्यात येईल, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त दरवर्षी एकदा येऊन हे असंच सांगायचं. परिस्थिती बदललेली नाही, म्हणून.”

“दरवर्षी?”

“कोर्स संपेपर्यंत. नियम आहे.”

आईने मान डोलावली. बाहेर आल्यावर कारकुनाने खिडकीतूनच अंगठा वर केला. खारूने त्याला थँक्यू म्हटलं, आईचा हात धरला आणि कॉरिडॉरमधून जवळजवळ पळवतच बाहेर आणलं. फाटकापर्यंत तिची पावलं भराभर पडली, मग मंद झाली. बसथांब्यावर पोचल्या तरी तिने आईचा हात सोडला नव्हता.

“जा तू वर्गात,” आई म्हणाली. “मला बस मिळेल. वेळेत पोचते.”

“आई.”

“काय गं?”

“आत तू जे बोललीस ना, ते नुसतं मॅडमसाठी होतं ना?”

आईने वळून पाहिलं. काल याच पोरीने बिल्डिंग डोक्यावर घेतली होती.

“तूच तर म्हणालीस, मला सातवीतच कळलं होतं.”

“मी म्हणत होते गं,” खारू म्हणाली. “तू म्हणत नव्हतीस.”

तेव्हा आईला समजलं. भांडायला तरी समोर कोणीतरी ‘येतील’ म्हणणारं लागतं. रोज सकाळी एक जण त्यांना घरात आणत होती, म्हणून दुसरीला बिनधास्त बाहेर घालवता येत होतं. आता आणणारीनेच दार लावून घेतलं होतं, सही करून.

“आई, खरंच नाही येणार का बाबा?”

जुनं उत्तर जिभेच्या टोकाशी आलं. एका शब्दात पोरीचा चेहरा उजळला असता. आईने ते गिळलं. मघाच तिने जे मोठ्याने सांगितलं होतं, ते इथे हळू आवाजातही बदलता येणार नव्हतं.

“मला माहीत नाही, बाळा.”

खारू रडली ती रस्त्यात, थांब्यावरच्या लोकांदेखत, मोठ्याने, नाक पुसायचंही भान न ठेवता. पाचवीत ती रडली नव्हती. तेव्हा ‘येतील’ होतं ना. आईने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. कोटांचा ढीग, मालक, बाराचे काटे, सगळं तिच्या डोक्यातून एकदा सरकून गेलं.

बस आली. ड्रायव्हरने थांबवून दोघींकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवला. आईने हातानेच त्याला पुढे जायची खूण केली. बस गेली, धूळ खाली बसली, आणि आई थोडी सरकून पाय रोवून उभी राहिली. पोर आता तिच्याएवढी उंच झाली होती, आणि अंगावर सगळा भार टाकून उभी होती.